ईस्टर झाला की प्रार्थना थंड पडते, काय करावं?

वेर्णा_शिफ्टवाला: नमस्कार मंडळी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मिस्सा (चर्चमधली उपासना), रोझरी (जपमाळ) सगळं जोरात चालतं आणि ईस्टर झाला की सगळं बारगळतं. नाईट करून रूमवर आलो की बायबल उघडतो, दोन ओळी होतात न होतात तोच हात मोबाईलकडे, मग रील्स बघत बघतच झोप. तुम्ही कसं टिकवता?

मडगावची_ताई: अरे दादा, डोळे मिटत असताना अख्खा अध्याय कशाला घेतोस? बायबलमधलं स्तोत्र १३१ घे, तीनच वचनं आहेत. आणि मोबाईल किचनमध्ये चार्जिंगला लाव. बायबलमध्येच इब्रीकरांस पत्र, अध्याय १२ मध्ये तेच आहे ना, ओझं टाका, धीराने धावा, नजर येशूवर ठेवा. ओझं आधी टाकायचंय.

बाणावलीकर: आपले गोव्याचे संत जोसेफ वाझ बघा. १६८७ ला वेष बदलून डचांच्या श्रीलंकेत घुसले, पुढे तिथल्याच कँडी राज्यात पोर्तुगीज हेर समजून तुरुंगात टाकलं तर तिथेही उपासना चालूच, वर सिंहली शिकले. १७११ ला तिथेच वारले. संतपद मिळालं थेट २०१५ ला!

वेर्णा_शिफ्टवाला: अहो ते संत, मी मशीन ऑपरेटर 😅

बाणावलीकर: तेव्हा तेही साधे फादरच होते की.

वेर्णा_शिफ्टवाला: बरं, ताई, मोबाईल किचनमध्ये ठेवला तर अलार्मचं काय?

मडगावची_ताई: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून साधं घड्याळ आण, बहाणे नकोत 😄