'हा-हा'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादी: माउंट व्हर्ननवरचा, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरावरचा मजकूर मराठीत करतेय आणि 'हा-हा'पाशी अडलेय. घरापुढची हिरवळ संपते तिथे चर आहे, तोच हा-हा. घराकडच्या बाजूला खाली उतरलेली उभी भिंत, पलीकडून उतार. गुरं वर चढू शकत नाहीत, आणि घरातून पाहिलं तर कुंपण दिसतच नाही, नजर थेट पोटोमॅक नदीवर. मी 'खंदक' लिहिलं; संपादक म्हणाले, किल्ला वाटतो.

गडगेवाला: गडगाच की तो! आमच्याकडे कुंपणाला जांभ्याच्या दगडांचा घालतात. 'बुडीत गडगा' लिहा.

शुद्धमती: गडगा कोकणाबाहेर कोणाला कळणार? 'अदृश्य कुंपण' म्हणा.

गडगेवाला: हात लावला की शॉक बसेल असं वाटतं.

पुस्तकी: शब्द मुळात फ्रेंच. दझालिए दार्जांविलच्या १७०९च्या बागांवरच्या पुस्तकात खुलासा आहे: चालता चालता एकदम चर पुढ्यात आला की माणूस दचकून 'आह, आह' करतो. मराठीत 'अगंबाई' ठेवा! गंमत म्हणजे वॉशिंग्टन इंग्लंडला कधी गेलाच नाही. १७५९ साली त्याने बॅटी लँग्ली या इंग्रजाचं बागांवरचं पुस्तक मागवलं, इंग्रजी बाग त्याच्याकडे आली ती अशी छापील.

जर्सीकर: माझा आक्षेप 'हिरवळ'वर. हिरवळ पावसात माळावर आपोआप येते. लॉन पोसावं लागतं, कापावं लागतं, उन्हाळाभर शनिवार त्यातच जातो. आणि ज्याला केंटकी ब्लूग्रास म्हणतात ते गवतसुद्धा युरोपातून आलेलं.

शुद्धमती: मग बागेलाही गार्डनच म्हणा.

पुस्तकी: बाग तरी कुठे आपली? फारसी.

शुद्धमती: म्हणूनच मी उद्यान म्हणते.

गडगेवाला: उद्यान नगरपालिकेचं असतं हो. घराचं ते परसदार.

जर्सीकर: परसदार मागे. अमेरिकेत पुढचंही 'यार्ड'च. इंग्रज त्याच जागेला गार्डन म्हणतो. इथे गार्डन म्हणजे फुलं-भाजी लावलेला तुकडा.

पुस्तकी: नुसत्या शब्दाचा फरक नाही तो. वॉशिंग्टनच्याच व्हर्जिनियातला जेफरसन १७८६त अ‍ॅडम्सबरोबर इंग्लंडच्या बागा बघत फिरला, व्हेटलीचं बागांवरचं पुस्तक हातात घेऊन. पण १८०६च्या पत्रात लिहितो की व्हर्जिनियाच्या डोक्यावरच्या उन्हात सावली हाच स्वर्ग. इंग्रजांसारखं उघडं गवत तिथे चालेना, वर उंच झाडं हवीत. ताई, तुमच्या मजकुरात 'हिरवळ' कुठली आहे ते आधी बघा.

अनुवादी: मंडळी, हा-हा? उद्या द्यायचंय.

गडगेवाला: अंगणात गवत दिसलं तर आमची आजी उपटायला लावायची. यार्डला अंगण म्हणू नका.

शुद्धमती: आवार?

जर्सीकर: आवार शाळेचं.