सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा: शस्त्रक्रियेआधी काय तपासून घ्यावे?

प्रश्न (डोंबिवली)
माझ्या ३४ वर्षांच्या दिराच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली असून बायोप्सीच्या अहवालात 'सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा' असे निदान आहे. सीटी स्कॅनमध्ये आजार पसरलेला दिसत नाही. सर्जन शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, तर नातेवाईक आधी पोटात गरम केमो (गरम केलेले कर्करोगाचे औषध) देणारे रुग्णालय गाठा, असा आग्रह धरतात. आम्ही काय विचारावे?

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, दादर)
ताई, कर्करोगाच्या या प्रकारात निम्म्याहून अधिक पेशींत म्युसिन (चिकट स्राव) साठून केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. अशा पेशी जठराच्या कर्करोगात कितीतरी अधिक आढळतात; म्हणून ही गाठ मूळची आतड्याचीच आहे की जठरातून आलेली, हे आधी ठरायला हवे. त्यासाठी जठराची एंडोस्कोपी करावी आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यावेत. त्याच ब्लॉकवर एमएमआर प्रथिनांची (डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) चाचणी होते, आणि इतक्या तरुण रुग्णात ती टाळणे मला मुळीच मान्य नाही. तीत दोष निघाला तर लिंच सिंड्रोम, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, आहे का हे पाहावे लागते, कारण तसे असल्यास भावंडांचीही तपासणी गरजेची ठरते.

उत्तर (कर्करोग शल्यचिकित्सक, ठाणे)
हा आजार पोटाच्या आतल्या आवरणावर, म्हणजे पेरिटोनियमवर, पसरण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि तिथल्या बारीक गाठी सीटीत सुटू शकतात. म्युसिनमुळे पेट स्कॅनही कधी फसवा ठरतो. म्हणून गाठ काढण्यापूर्वी दुर्बिणीने पोट पाहणार का, हे सर्जनना अवश्य विचारा. प्रसार नसेल, तर उजवे आतडे लसीका ग्रंथींसह काढणे हाच मुख्य उपचार असून किमान १२ ग्रंथी तपासल्या जाणे अपेक्षित असते. त्यानंतरची केमोथेरपी टप्पा पाहून ठरते. गरम केमोचा विचार आवरणावर गाठी असतील आणि त्या सगळ्या काढता येत असतील तरच होतो. शिवाय फ्रान्समधील 'प्रॉडीज ७' चाचणीत अशा गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेला ऑक्झालिप्लॅटिन या औषधाची गरम केमो जोडल्याने रुग्णांचे आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. त्यामुळे नातेवाइकांचा आग्रह सध्या बाजूला ठेवावा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. एमएमआरचा अहवाल येईपर्यंत शस्त्रक्रिया थांबवावी का?

उत्तर (कर्करोग शल्यचिकित्सक, ठाणे)
अहवाल साधारणतः काही दिवसांत येतो, तेवढे थांबायला हरकत नाही, कारण दोष आढळल्यास इम्युनोथेरपीचाही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचाही) विचार होऊ शकतो. मात्र आतडे अडल्याची लक्षणे, म्हणजे पोट फुगणे, उलट्या, शौचास व वायू न होणे, दिसली तर अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे.