गोव्यातून बाहेर गेलेल्यांवर कार्यक्रम करायचाय, नाच आणि स्टॉल सोडून काय ठेवू?

फोंड्याची_वहिनी
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाचा ऑगस्टमधला कार्यक्रम यंदा माझ्या गळ्यात पडलाय. नणंद इंग्लंडमधल्या स्विंडनला असते, तिथे अर्धं गोंय उतरलंय हे तुम्हाला सांगायला नको, तर तिने तिथल्या साऊथ एशियन हेरिटेज मंथचे फोटो पाठवले. सुरुवातीला १८ जुलै ते १७ ऑगस्ट असायचा तो. १९४७ साली १८ जुलैला आपल्या स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची मंजुरी मिळाली आणि १७ ऑगस्टला रॅडक्लिफने आखलेली फाळणीची रेघ जाहीर झाली, म्हणून त्या तारखा. मला आवडलं, कमिटीला म्हटलं आपणही गोव्यातून गेलेल्यांवर करूया. कमिटी लगेच हो म्हणाली आणि लगेच ठरवून पण टाकलं: मुलींची फुगडी, एक बॉलिवूड डान्स, बटाटवड्यांचा स्टॉल आणि स्टेजच्या मागे थर्माकोलचं विमान. विमान! आमचे चुलत सासरे आफ्रिकेत मोंबासाला गेले ते बोटीने, ओकत ओकत.
हॉल दीडशे माणसांचा, बजेट पंधरा हजार. स्लाईड लावल्या की लोक उठून वडे खायला जातात हा अनुभव आहे. काय ठेवू म्हणजे थांबतील?

तारवटीचो_नातू
वहिनी, विमान काढा आणि दारात पत्र्याची ट्रंक ठेवा. साष्टी-बार्देशात जुन्या घराच्या माळ्यावर अजून सापडते, झाकणावर पांढऱ्या पेंटने नाव आणि गाव. माझे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहायचे. प्रत्येक गावाची आपापली कूड, आत अल्तार, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चुकवायची नाही, आणि झोपायला जागा किती तर त्या ट्रंकेएवढी, ट्रंक हेच कपाट आणि तेच टेबल. हे दाखवा, लोक थांबतील.
आणि सगळं दुःखीच नको हां. नैरोबीत रिबेरो म्हणून आपले गोंयकार डॉक्टर होते, शंभरेक वर्षांपूर्वी, ते पेशंट बघायला झेब्र्यावर बसून जायचे. खरंच, फोटो आहे. तो मोठा करून लावा, पोरं तिथून हलणार नाहीत.
एक सांगून ठेवतो, ओरिजिनल कागद कुणाकडून घेऊ नका. आमच्याकडे अशाच एका कार्यक्रमात आजोबांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक दिलं ते आजतागायत परत आलं नाही. झेरॉक्स लावा.

रिटायर्ड_मास्तर
फोंड्यात बसून मोंबासा कशाला शोधता बाई. तुमच्या आजूबाजूचे निम्मे देवच स्थलांतरित आहेत. मंगेश मूळ कुठ्ठाळीचा, १५६० च्या सुमारास नदी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि जुवारीच्या अलीकडे आदिलशाही होती म्हणून इकडे. पुढे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत माणसं गेली. एक मोठा नकाशा काढा आणि लोकांना टाचण्या द्या, आपला कुळदेव आधी कुठे होता ते ज्याचं त्याने टोचायचं. बघा किती भांडणं होतात. भांडणं झाली की माणूस उठून जात नाही, चाळीस वर्षं वर्गात बघितलंय.

मडगांवची_मीनल
बॉलिवूडच्या जागी झाकडी ठेवाल का? मी मॉरिशसला फिरायला गेले होते, तिथली मराठी माणसं अजून झाकडी नाचतात. रत्नागिरी-सावंतवाडीकडच्यांचे वंशज, भाषा बरीचशी गेली पण नाच आणि गणपती धरून ठेवलेत, तिथे चवथीला सरकारी सुट्टी असते. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलास बोटीतून पहिले ३६ मजूर उतरले (ते बिहारकडचे, आपले नंतर गेले), गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. ते उतरायचे त्या आप्रवासी घाटावर १६ दगडी पायऱ्या आहेत. दिसायला साध्याच पायऱ्या. मी उगाच मोजत बसले आणि मग चढवेना.

वास्को_बायणा
सगळं छान आहे पण सगळे जाणारेच. येणाऱ्यांचं काय? माझे बाबा विजापूरचे, आई सावंतवाडीची, मी जन्मलो वास्कोत, तरी शाळेत मला घाटी म्हणायचे. तिकडे स्विंडनला गोंयकाराला कुणी परत जा म्हटलं की इथे व्हॉट्सअ‍ॅपवर आग लागते, आणि तोच माणूस इथे भायले भायले (बाहेरचे बाहेरचे) करत असतो. वहिनी, रागावू नका, पण तुमच्या स्टॉलवर वडे तळणारा कुठला आहे ते विचारलंत का?

सांगेकर
कुर्डी विसरू नका. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावलीच्या धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही अजून जातो, सोमेश्वराला दिवा लावतो, घराचा चौथरा शोधतो. परदेश नाही, तालुकासुद्धा बदलला नाही. तुमच्यात बसतं का माहीत नाही.

फोंड्याची_वहिनी
सांगेकर दादा, बसतं म्हणजे काय, तुम्ही स्वतः या आणि बोला, पाच मिनिटं, माईक मी धरते.
बायणा, रागावले नाही पण टोचलं. काल संध्याकाळी जाऊन विचारलं. गंजामचा आहे तो, ओडिशाचा. वडील सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होते, म्हणजे हा घरातला दुसरा बाहेर पडलेला. नऊ वर्षं आमच्या नाक्यावर वडे तळतोय आणि मी त्याला आजपर्यंत फक्त 'भय्या, चटणी जास्त' एवढंच बोललेय. म्हटलं घरून निघताना आणलेली एखादी वस्तू असेल तर टेबलावर ठेव. म्हणाला आणलेलं सगळं संपलं, मोबाईलमध्ये आईचा व्हिडिओ आहे, भाताची लावणी करतानाचा, तो चालेल का. त्याच्यासाठी लॅपटॉप लावतेय, ट्रंकेच्या शेजारीच.
कमिटीने झाकडी मान्य केली, पथक वेंगुर्ल्याहून येईल बहुतेक, भाड्यावर घोडं अडलंय. झेब्रा छापायला टाकला. विमान मात्र निघत नाही, अध्यक्षांच्या भाच्याने रात्र रात्र जागून कापलंय.
मास्तर, नकाशा तुमच्याकडे लागला. गुरुवारपर्यंत द्या, आणि टाचण्या जास्तीच्या आणा.