शब्द हवा : जाडी आहे, पण बाधलेली नाही

आर्वी : गावात तपासणीचं शिबिर झालं. काकूचं वजन ८४ किलो, पण शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाले, 'मेटाबॉलिकली हेल्दी ओबेसिटी'. गावासाठी पत्रक लिहितोय. 'चयापचयदृष्ट्या निरोगी स्थूलता' असं लिहिलं तर आशाताई म्हणाल्या, "हे वाचाले वकील लावा लागन." दुसरा शब्द सुचवा.

वरुड : 'निरोगी स्थूलता'. झालं.

दर्यापूर : नाही झालं. ही अवस्था कायमची नसते. अशा बऱ्याच जणांना काही वर्षांत शुगर, बीपी गाठतंच, आणि हृदयविकाराचा धोका सगळं बरोबर असतानाही सडपातळ निरोगी माणसापेक्षा जास्त असतो. गुडघ्यांचं तर विचारूच नका. 'निरोगी' म्हटलं की माणूस निश्चिंत होतो.

बोलीत पाहा. आपण 'अंग सुटलं' आणि 'पोट सुटलं' असं वेगवेगळं म्हणतो. अंग सुटलं की दंड, मांड्या भरतात. ती बरीचशी कातडीखालची चरबी, त्यामानाने गरीब. पोट सुटलं की आतड्यांभोवती आणि यकृतात साठते, खोडी करते ती हीच. म्हणून वजनकाट्यासोबत टेपही हवा : कंबर बाईची ८० सेंमी, पुरुषाची ९० सेंमी ओलांडली की आपल्याकडे धोक्यात धरतात.

परतवाडा : उलटंही असतं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. काटकुळ्या माणसातल्या या चरबीला काय म्हणाल? मला तर हाच शब्द आधी हवा.

दर्यापूर : 'छुपी जाडी'. मूळ प्रश्नाला माझं उत्तर : 'अजून न बाधलेली जाडी'. रात्रीचं दही बाधते, तसं.

वरुड : 'बाधलेली' म्हटलं की कोरोनातले 'बाधित' आठवतात.

दर्यापूर : 'बाधित' पेपरातला. 'बाधलं' आजीचं. 'अजून' मात्र काढू नका.

आर्वी : काकूला वाचून दाखवलं. म्हणते, "बाधली नाही हे तं बरं झालं. पण 'अजून' काहून टाकलं रे?"