ट्यूमर सप्रेसर जीनला, म्हणजे कर्करोगाची गाठ होऊ न देणाऱ्या जनुकाला, मराठीत काय म्हणावं?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. मी 'अर्बुद दमनकारी जनुक' लिहिलं. आईला वाचायला दिलं, तर ती 'अर्बुद'पाशीच अडली. सोपा शब्द सुचवाल का?

— 'दमन' तर नकोच. दमन म्हणजे उठलेलं दडपणं. ही जनुकं गाठ होण्याच्या कितीतरी आधीपासून कामाला असतात. टीपी५३ या जनुकाचंच बघा. पेशीतला डीएनए बिघडला की त्याचं पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत हेच जनुक बिघडलेलं सापडतं. मी 'गाठरोधक जनुक' म्हणेन. रक्ताच्या कर्करोगात गाठ नसते हे खरं, पण शब्द कानाला ओळखीचा आहे.

गंमत म्हणजे नावाचा घोळ शास्त्रज्ञांचाही झाला होता. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं मानलं जात होतं. प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या प्रतीच उत्परिवर्तन झालेल्या, म्हणजे बिघडलेल्या होत्या! १९८९ मध्ये उलगडा झाला.

— माझी विनंती वेगळी आहे. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' कृपा करून एकाच अर्थाने वापरू नका. कर्करोग जनुकीय असतोच, पण बहुतेक वेळा तो आनुवंशिक नसतो. बिघाड आयुष्यात कधीतरी त्या एका पेशीत होतो, मुलांकडे जात नाही. हा फरक न कळल्यामुळे घराघरांत विनाकारण धास्ती बसते.

आनुवंशिक असू शकतो अशाचं उदाहरण म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, त्यावरून पुष्कळदा आईबापांना शंका येते. अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये अशा ४८ रुग्णांच्या नोंदींवरून दोन आघातांची कल्पना मांडली. जनुकाच्या दोन प्रती म्हणजे सायकलचे दोन ब्रेक. एक गेला तरी दुसऱ्यावर भागतं, दोन्ही गेले की कर्करोग होतो. काही बाळं एक ब्रेक गेलेलाच घेऊन जन्मतात, म्हणून त्यांना कर्करोग लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो.

— आभार! मूळ मसुद्यात बीआरसीए१बद्दल (बिघडलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो ते जनुक) 'तुमच्यात कर्करोगाचं जनुक आहे' असं होतं. आता लिहिलंय: 'हे जनुक सर्वांकडे असतं. तुमच्याकडच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासून नादुरुस्त आहे.' 'सदोष' मुद्दाम टाळला. तो वाचून रुग्ण बाईला आपल्यातच दोष आहे असं वाटेल.