प्लासिबो मिळाला तर?

"प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली साखरेची गोळीच पदरात पडणार असेल तर नव्या औषधाच्या चाचणीत जायचं कशाला?" हा तुमचा प्रश्न आम्हीही घरात खूप घोळवला होता. माझ्या नवऱ्याला एमएनडी आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याचा आजार.

एक उदाहरण देते. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एमएनडीसाठी टोफरसेन नावाचं औषध आहे, ते कण्यातून टोचून देतात. २८ आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांच्या हालचालींत ठोस फरक दिसला नाही. रक्तातलं न्यूरोफिलामेंट मात्र, म्हणजे चेतापेशींची झीज दाखवणारं प्रथिन, स्पष्ट कमी झालं. पुढे प्लासिबोवाल्यांनाही खरं औषध मिळालं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तुलनेला प्लासिबो गट नसता तर यातलं काही कळलंच नसतं. अर्थात हे औषध सगळ्यांसाठी नाही, एसओडी१चे रुग्ण मोजकेच असतात.

रिलुझोल हे एमएनडीवरचं नेहमीचं औषध चालू ठेवून बऱ्याच चाचण्यांत भाग घेता येतो, पण ते आधी विचारून घ्या. आणखी एक, उशीर करू नका. लक्षणं सुरू होऊन किती काळ झाला आणि श्वासाची ताकद किती उरली, यावर बऱ्याच जणांना नकार मिळतो. आम्हालाही मिळाला. मग रक्ताचे नमुने आणि आवाजाचं रेकॉर्डिंग देण्याच्या अभ्यासात नाव घातलं. तिथे १२ प्रश्नांची, ४८ गुणांची, रोजच्या हालचाली किती जमतात हे मोजणारी ती नेहमीची प्रश्नावली असते. "कूस स्वतः बदलता येते का?" या प्रश्नाला दर वेळी तो आधी माझ्याकडे बघतो.