गोल्फ : स्विंग बदलू की आहे तोच पक्का करू?

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फ खेळणारे कुणी असतील तर सल्ला हवा आहे. वय ५२, हँडिकॅप १६ (म्हणजे मधल्या दर्जाचा हौशी खेळाडू), उजव्या हाताने खेळतो. माझा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) डावीकडे निघून उजवीकडे वळतो, पण जवळजवळ दर वेळी सारखाच वळतो. त्यामुळे डावी कड धरून मारलं की चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर असतो. नव्या सरांना हे पटत नाही. मोबाइलवर माझा व्हिडिओ एका व्यावसायिक खेळाडूच्या शेजारी लावून, रेघा मारून ते दाखवतात की क्लब बाहेरून आत येतोय. ग्रिपपासून (क्लब धरायच्या पद्धतीपासून) सगळं बदलू, काही महिने स्कोअर बिघडेल, तेवढं सोसा, असं म्हणतात. सर तळमळीने शिकवतात, म्हणूनच नाही म्हणणं जड जातंय.

अमेरिकन व्यावसायिक खेळाडू जिम फ्युरिकचा स्विंग बघा. क्लब वर जाताना एका वाटेने, खाली येताना भलत्याच वाटेने. तरी २००३ची यूएस ओपन त्याची, आणि २०१६मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत) ५८ फटक्यांची फेरी खेळणारा तो पहिलाच. ली ट्रेव्हिनो तर उघड्या स्टान्समधून (लक्ष्याच्या डावीकडे रोख ठेवून उभं राहून) फेड, म्हणजे माझ्यासारखाच डावीकडून उजवीकडे वळणारा फटका, मारत सहा मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकला. चेंडू क्लबला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या क्षणी क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय, क्लब कुठून कुठे चाललाय, वेग किती आणि चेंडू फेसवर कुठे लागला, एवढंच त्याला कळतं. मागचा सगळा प्रवास देखणा होता की नाही, याच्याशी त्याला काय घेणं?

उलट बाजूला निक फाल्डो आहे. प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन त्याने स्विंग मोडून नव्याने बांधला, मधला काळ कठीण गेला, मग १९८७ची ब्रिटिश ओपन जिंकला. पण तो दिवसभर सराव करू शकत होता. मला रविवारची फेरी आणि आठवड्यात एक संध्याकाळ रेंजवर, बस.

खरी अडचण एवढीच की समोरून वारा असला की माझा फेड फार वाहवतो, आणि डावीकडे वळणाऱ्या होलवर मला जागाच उरत नाही. तेवढ्यासाठी फक्त ग्रिपवरचे हात थोडे उजवीकडे वळवून फेस सुधारला आणि बाकी स्विंगला हात लावला नाही, तर चालेल का? पन्नाशीनंतर कुणी पूर्ण स्विंग बदललाय का, आणि दबावाखाली जुनाच परत आला का? सरांना हे कसं सांगावं, तेही सुचवा.